थेल्मा ऑल्सॉपचा न तुटणारा फीडर

थेल्मा ऑल्सॉपच्या स्वयंपाकघरातलं वॉशिंग मशीन त्या मंगळवारी कपडे धूत नव्हतं. दगड धूत होतं. इंग्लंडमधल्या ट्रेंट नदीच्या काठावरून वेचून आणलेले मुठीएवढे अकरा दगड आणि त्यांच्यासोबत सात फीडर, सगळं एका जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधून तिनं आत टाकलं होतं. मशीन गदगदा हलत हलत फ्रिजच्या दिशेनं निघालं होतं.

शेजारच्या खोलीत तिचा नवरा क्लिफ पेपर वाचत होता. क्लिफ तेहेतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस. त्याचा बहुतेक संसार एकाच शब्दावर चालायचा, आणि तो शब्द म्हणजे ‘हं’. पण त्या ‘हं’चे प्रकार होते. चहा हवा असला की वरच्या पट्टीतला, पाहुणे आले की आखूड, आणि थेल्माच्या डोक्यात काहीतरी शिरलंय हे कळलं की लांबलचक, बसचा दरवाजा मिटतो तसा. आत्ता त्यानं तोच काढला.

“हंऽऽऽ.”

“हं काय? परीक्षा चाललीय,” थेल्मा आतून ओरडली. “नदीच्या तळाशी काय होतं? दगडांवर आपटतं. मग इथंच आपटू दे की!”

“मशीनची पण परीक्षा चाललीय.”

“तू पेपर वाच.”

फीडर म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. अंगठ्यापेक्षा जाड, भोकं पाडलेली प्लॅस्टिकची नळी, दोन्ही टोकांना टोपणं आणि एका अंगाला शिशाची पट्टी. आत अळ्या भरायच्या, तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीला, बांधून नदीत फेकायची. ती तळाशी जाऊन बसते, अळ्या भोकांतून वळवळत बाहेर येतात, मासे पंगतीला जमतात, आणि त्याच पंगतीत वीतभर अंतरावर आपला गळ असतो. एवढीच युक्ती. पण ऑस्टर्बीत, म्हणजे थेल्माच्या गावी, नदीच्या पात्रात जुना पूल कोसळून त्याचे चिरे पडलेत, आणि त्या चिऱ्यांनी आजवर इतके फीडर गिळलेत की पाणी आटलं तर तळाशी प्लॅस्टिकचं एक दुकान सापडेल. टोपण उडतं, शिसं निखळतं, नळी उभी चिरते. मग नवीन बांधा, नवीन भरा, आणि तोवर मासे कंटाळून मार्नविकला जातात.

मार्नविक म्हणजे नदीच्या वरच्या अंगाचं गाव. सगळं दुखणं तिथलंच होतं.

दर सप्टेंबरात ऑस्टर्बी आणि मार्नविक यांच्यात गळ टाकायची चुरस असते. पाच जण इकडचे, पाच तिकडचे. सकाळी नऊ ते दुपारी दोन. पकडलेले मासे पाण्यातल्या लांब जाळीत जिवंत ठेवायचे, शेवटी तोलायचे आणि परत नदीत सोडायचे. ज्या गावाचं वजन जास्त ते जिंकलं. चषक नाही, पदक नाही. हरलेल्यांनी पुढच्या रविवारी नदीकाठी चूल मांडायची आणि जिंकलेल्यांना न्याहारी करून वाढायची: बेकन, सॉसेज, अंडी, घेवडा, टोस्ट, चहा. जिंकलेल्यांनी खुर्चीतून उठायचं नाही. मीठ हवं तरी मागायचं.

ऑस्टर्बी सलग सहा वर्षं हरलं होतं. आणि ऑस्टर्बीच्या पाच जणांत अंडं कवचासकट कढईत न टाकणारी एकच व्यक्ती होती. ती म्हणजे थेल्मा. गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणतीस वर्षं तिनं पोरांना जेवू घातलं होतं. तेव्हा सहा रविवार मार्नविकवाले खुर्च्या टाकून बसले आणि थेल्मानं डोळ्यांत धूर घेत त्यांना तळून वाढलं.

त्यांचा कप्तान डेस्मंड फर्नीहो हा रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करायचा. नोकरी संपली, घोषणा संपल्या नाहीत. चहा मागतानाही तो आधी घसा खाकरायचा, मग एक क्षण थांबायचा, जणू कुठंतरी घंटा वाजतेय, आणि मग सुरू करायचा:

“थेल्मा... ऑल्सॉप... यांनी कृपया लक्ष द्यावं. तीन नंबरच्या खुर्चीवरचा टोस्ट... अंदाजे सात मिनिटं... उशिरा धावत आहे. गैरसोयीबद्दल... तुम्ही दिलगीर आहात.”

मार्नविकवाले खदाखदा हसायचे. थेल्मा पण हसायची, दात न दाखवता.

त्या जुलैत ती निवृत्त झाली. शाळेनं तिला एक घड्याळ दिलं, पोरांनी एक गाणं म्हटलं, आणि घरी येऊन एप्रन खुंटीला अडकवताना ती क्लिफला म्हणाली, “या वर्षी त्या खुर्चीत मी बसणार. डेस्मंड तळणार आणि मी खाणार. आणि तसं नाही झालं ना क्लिफ, तर मी गळाची काठी मोडून टोमॅटोच्या रोपांना लावीन. सातव्यांदा त्या माणसाला मी अंडं वाढणार नाही.”

क्लिफनं पेपर खाली ठेवला. थेल्मा नुसतं बोलणारी बाई नव्हती. मांसाहार सोडते म्हणाली होती तेव्हा चौदा महिने सोडला होता, आणि त्यात एक नाताळही आला होता.

तिच्या मते हरण्याचं कारण उघड होतं. माल भिकार होता. लग्नाच्या पहिल्या वर्षात ती स्वतः केसांच्या रोलरांचे फीडर करायची, शिशाची पट्टी तारेनं शिवून. एकदा तर क्लिफनं नकळत तिचे निम्मे रोलर नदीला वाहिले आणि ती चर्चमध्ये अर्धं डोकं कुरळं, अर्धं सरळ अशी गेली. पण ते फीडर टिकायचे! आजकालचे गोंदानं चिकटवलेले. गोंद आणि नदी यांचं कधी जमलंय?

म्हणून ती होरेस बेस्टविकच्या दुकानात गेली. होरेस त्यांच्याच संघातला, आणि गावातला एकमेव गळ-काठ्यांचा दुकानदार. त्याच्या दुकानात अळ्यांचा वास आणि होरेसची मतं दोन्ही दाराबाहेरपर्यंत यायची.

“ये ये, बदके,” होरेस म्हणाला. ट्रेंटकाठी कुणालाही लाडानं बदकच म्हणतात, मग तो पोस्टमन असो की पाद्री. “मी काही बोलत नाही, पण मागच्या वर्षी तू बारा फीडर घालवलेस.”

“फुटले. घालवले नाहीत. तुझ्याकडचा सगळ्यात दणकट दाखव.”

होरेसनं काउंटरवर एकेक मांडला. थेल्मानं पहिला उचलला, दोन्ही हातांनी पिळला. कट्.

“अगं!”

“हा गेला. पुढचा.” दुसऱ्याचं टोपण तिनं दातांनी उचकटून पाहिलं. तिसऱ्याची शिशाची पट्टी नखानं हलवली. “ही नुसती चिकटवलीय. रिव्हेट कुठाय? रिव्हेट नाही तर मला नको. आणि याची भोकं बघ, सुईएवढी! अळ्या आत म्हाताऱ्या होतील.” चौथा तिनं सरळ फरशीवर आपटला. दारात उभं असलेलं एक गिऱ्हाईक आल्या पावली परत गेलं.

“मी काही बोलत नाही,” होरेस म्हणाला, आणि मग सुरू झाला. “पण फीडर कितीही पोलादी घे, त्याला मुख्य तंगुसाशी बांधताना मधला तुकडा कच्चा ठेव. बारीक तंगूस. फीडर चिऱ्यात अडकला तर तेवढाच तुकडा तुटेल. फीडर जाईल, पण मासा येईल.”

थेल्मानं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं ती जेवण टाकणाऱ्या पोरांकडे पाहायची.

“होरेस, एकोणतीस वर्षांत माझ्या स्वयंपाकघरातून एक चमचा गेला नाही. आणि तू मला सांगतोस, चांगली वस्तू विकत घे आणि टाकून द्यायला कच्च्या दोऱ्यानं बांध? नवीन फीडर खपावेत म्हणून काढलेली दुकानदारांची अक्कल आहे ही.”

“मी काही बोललोच नाही,” होरेस म्हणाला.

तिनं सात जातींचे सात फीडर घेतले. घरी ते आधी उकळत्या पाण्यात पडले, मग रात्रभर मटारांच्या शेजारी बर्फात राहिले, मग न्हाणीघराच्या खिडकीतून अंगणातल्या फरशीवर कोसळले, मग क्लिफचे बूट घालून थेल्मा त्यांच्यावर नाचली. आणि शेवटी ते वॉशिंग मशीन.

मशीन थांबलं. अभ्रा उघडला. चार फुटले होते, एकाचं टोपण गायब होतं, एकाची पट्टी लोंबत होती. सातवा, काळा, जाड, आरपार तार घातलेला आणि शिसं दोन्ही टोकांना रिव्हेटनं ठोकलेला, जसाच्या तसा होता. टोपण कट्कन लागत होतं. थेल्मानं तो नवजात बाळासारखा उजेडात धरला.

“क्लिफ! सापडला!”

क्लिफ आला. त्यानं फीडर पाहिला, मग मशीनच्या दाराकडे पाहिलं. दार आता लागत नव्हतं.

“हं,” तो म्हणाला. हा नवीनच प्रकार होता.

तसले डझनभर काळे फीडर तिनं मागवले आणि ते असे काही बांधले की बघणाऱ्यानं हात जोडावेत. मधला तुकडा मुख्य तंगुसाच्या दुप्पट जाड, वर तीन गाठी. पुढच्या रविवारी दोघं सरावाला गेले. तिसऱ्याच फेकीला फीडर चिऱ्यांत अडकला. थेल्मानं ओढलं. फीडर हलेना. तिनं काठावर पाय रोवले, अंग मागं टाकलं आणि बकरीला ओढावं तसं ओढलं. फीडर तुटला नाही. मधला तुकडा तुटला नाही. काठीच्या टोकाशी मुख्य तंगूस तुटला, आणि साठ यार्ड तंगूस, गळ, फीडर सगळं नदीला देऊन थेल्मा खाजऱ्या पानांच्या झुडपात उताणी पडली.

क्लिफनं तिला हात दिला. “फीडर मजबूत आहे,” तो म्हणाला.

“तंगूस कच्चा होता,” थेल्मा म्हणाली, आणि घरी जाऊन मुख्य तंगूसही बदलला.

सामन्याच्या सकाळी हवा मोकळी होती, पाणी जरा चढलेलं, हिरवट. जागांच्या चिठ्ठ्या डेस्मंडच्या टोपीतून निघाल्या. थेल्माच्या वाट्याला बरोब्बर चिऱ्यांसमोरची जागा आली, सगळे जिला शिव्या देतात ती. पण बार्बेल तिथंच असतात. बार्बेल हा चार मिशांचा, तांबूस पंखांचा, तालमीत घुमलेल्या गड्यासारखा मासा. त्याला दगडांच्या सावलीतच करमतं.

डेस्मंड तिच्यामागून जाता जाता थांबला. घसा खाकरला.

“पुढील रविवारी... सकाळी साडेनऊची न्याहारी... आपल्या नेहमीच्या वेळेवर... नेहमीच्या आचाऱ्यासह...”

“तुझी गाडी फलाटावरून हलव, डेस्मंड,” थेल्मा मागं न बघता म्हणाली.

पहिले तीन तास बरे गेले. काळे फीडर दगडांवर आपटत होते आणि हसत परत येत होते. शेजारच्या मार्नविकवाल्यानं तेवढ्यात चार फोडले. थेल्माच्या जाळीत ब्रीम जातीचे सहा चपटे मासे जमले. क्लिफलाही चार लागले. पेग भाऊ म्हणून दोघं जुळे होते संघात, ते एकमेकांशीही बोलत नसत, पण मासे काढत होते. होरेस पलीकडून हात करून विचारत होता, कसं काय? थेल्मानं अंगठा दाखवला आणि वर फीडर हलवून दाखवला.

साडेबाराला काठी अशी वाकली की तिची खुर्ची पुढं सरकली. बार्बेल. मोठा. त्यानं प्रवाहात धाव घेतली, तंगूस गाणं म्हणायला लागला. “हळू, बाळा, हळू,” ती म्हणत होती, आणि तो खरंच हळूहळू वळत होता. तेवढ्यात सगळं थांबलं. मासा नव्हे, फीडर थांबला होता. दोन चिऱ्यांच्या फटीत. मासा त्याच्यापुढं वीतभर तंगुसाला बांधलेला, खुंट्याला बांधलेल्या वासरासारखा धडका देत होता. थेल्मानं काठी डावीकडं नेली, उजवीकडं नेली, सैल सोडली, ताणली. फीडर मजबूत होता. मधला तुकडा मजबूत होता. तिन्ही गाठी मजबूत होत्या. पाण्याखाली एकदा तांबूस पोट चमकलं, गळ निसटला, आणि काठीवरचं ओझं एकदम मेलं. वर फीडरही फटीतून सुटेना. कापावंच लागलं.

क्लिफ त्याच्या जागेवरून बघत होता. तो काहीच म्हणाला नाही. ‘हं’सुद्धा नाही. तेच जास्त झोंबलं.

एकोणतीस वर्षं न हरवलेले चमचे थेल्माच्या डोक्यात खणखणले. तिनं खोक्यातून दुसरा काळा फीडर काढला, हातात वजन केलं. इतका सुरेख होता तो. मशीन मोडलं पण हा मोडला नाही. मार्नविककडून टाळ्या ऐकू आल्या. तिकडं कुणाला तरी काहीतरी मोठं लागलं होतं. दीड तास उरला होता.

“होरेस!” ती पलीकडं ओरडली. “किती बारीक?”

होरेसला आधी कळलं नाही. मग त्याच्या तोंडावर सूर्य उगवला. “सगळ्यात बारीक! आणि हळू फेक, बदके! जोरात भिरकावलंस तर हवेतच तुटेल! मी काही बोल—”

“मग नको बोलू!”

खोक्याच्या तळाशी चिमुकल्या माशांसाठी ठेवलेला केसासारखा तंगूस होता. तिनं तीन बोटं तुकडा तोडला आणि त्या पोलादी पठ्ठ्याला त्याच्यावर टांगलं. बांधताना तिचं तोंड कडू औषध प्याल्यासारखं झालं होतं. एकच गाठ. मग भाताचा डाव पातेल्यात सोडावा तसं तिनं हळूच फेकलं. फीडर लांब गेलाच नाही, चिऱ्यांच्या अलीकडच्या कडेलाच बुडाला. आजवर ती नेहमी पलीकडं भिरकावायची, आणि सगळी पंगत अलीकडं बसत होती.

दहा मिनिटांत काठी वाकली. पुन्हा तीच धाव, तेच गाणं, आणि पुन्हा सगळं थांबलं. फीडर अडकला. मासा धडका देऊ लागला. थेल्मानं डोळे घट्ट मिटले, ओठ चावला, आणि ओढलं.

टप्.

“गेला!” ती किंचाळली. “गेलाऽऽ! क्लिफ, गेला!”

क्लिफनं कपाळाला हात लावला. “मासा?”

“मासा कसला, अरे, फीडर गेला! फीडर गेला! जाळी आण, खुळ्यासारखा उभा काय राहिलास!”

चार मिशांचा तो पैलवान जाळीत आला तेव्हा थेल्मा हसत होती आणि तिच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. नदीचं की डोळ्यांचं ते तिनं पुसलं नाही. त्यानंतर तिनं काळ्या फीडरांवर पाणीच सोडलं. एक गेला, मासा आला. दुसरा गेला, मासा आला. चौथ्या वेळी मासाही गेला आणि फीडरही, तर ती म्हणाली, “जाऊ दे, त्यालाही घर नको का?” होरेस हे ऐकून काठावरच बसला. पावणेदोनला तिच्याजवळ एकही काळा फीडर उरला नव्हता. आणि जाळीत तीन बार्बेल होते.

तोलायला सगळे जमले. काटा एकच, आणि आकडे वाचायचं काम रीतीप्रमाणे डेस्मंडचं, कारण त्याचाच आवाज दोन्ही काठांवर पोचतो. मार्नविक: त्रेचाळीस पौंड, दोन औंस. डेस्मंडनं तो आकडा असा म्हटला, जसा राणीच्या खास गाडीचा डबा फलाटावर शिरतोय. मग ऑस्टर्बी. पेग भाऊ, होरेस, क्लिफ. सगळे मिळून चोवीस पौंड. उरली थेल्माची जाळी. एकेक बार्बेल ओल्या चटईवर येऊन काट्यावर चढत गेला, आणि दर वेळी डेस्मंडचा घसा थोडा जास्त खाकरला.

“ऑस्टर्बी... एकूण...” तो थांबला. घंटा वाजायची वाट बघत होता जणू. “एकूण... त्रेचाळीस पौंड...”

क्लिफनं थेल्माचा दंड धरला होता.

“... नऊ औंस.”

पेग भावांपैकी एक दुसऱ्याला म्हणाला, “आई शप्पथ.” त्याचा आवाज गावानं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

होरेस नाचत होता. “मी काही बोलत नाही! मी काही बोलत नाही!”

“बोल रे बाबा, आज बोल,” थेल्मा म्हणाली. “तूच खरा होतास. पण फीडर माझे दणकटच होते, हे मान्य कर.”

“दणकटच आहेत,” क्लिफ नदीकडे बघत म्हणाला. “कुठंही जात नाहीयेत.”

पुढच्या रविवारी थेल्मा साडेनऊच्या आधीच जाऊन खुर्चीत बसली होती. चांगला फुलांचा झगा घालून, पायावर पाय टाकून. समोर डेस्मंड बाह्या सावरून कढईशी झुंजत होता. चूल धुरकट होती, बेकन एका बाजूनं कोळसा आणि दुसऱ्या बाजूनं कच्चं होतं, आणि तेलाचा एक थेंब उडाला की कप्तान दोन पावलं मागं यायचा. मार्नविकचे इतर चौघं त्याला एकाच वेळी चार सल्ले देत होते.

थेल्माचे हात मांडीवर वळवळत होते. सॉसेज उलटायला हवं होतं, आत्ता, या क्षणी. क्लिफनं तिच्याकडे तिरक्या नजरेनं पाहिलं.

“उठणार?”

“मेले तरी नाही.”

“थेल्मा,” डेस्मंडनं घोषणा न करताच विचारलं, साध्या माणसाच्या आवाजात, “हे अंडं झालं असं समजायचं कधी?”

“झालं की समजतं,” थेल्मा म्हणाली. “आणि चहा आण. साखर दोन. ढवळून आण.”

त्यानं ताट आणून तिच्या पुढ्यात ठेवलं, वाकून, रुमाल हातावर टाकून. अंड्याची कड करपून काळी झाली होती. बेकन तिच्या शाळेतल्या पोरांनी खिडकीबाहेर फेकलं असतं. सगळे बघत होते. तिनं एक तुकडा कापला, तोंडात घातला, सावकाश चावला. बराच वेळ चावावा लागला.

“कसं आहे?” डेस्मंडनं विचारलं.

“भयंकर,” थेल्मा म्हणाली, आणि रिकामा कप त्याच्यापुढं धरला. “आणि बेकनच्या अजून दोन पट्ट्या आण.”